बी.कॉम.नंतर के.जी.

आयुष्यात मी जे जे झाले नाही, त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला तो २०२४च्या दसऱ्याला. १२ ऑक्टोबरला प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचं पोर्टल उमेदवारांसाठी उघडलं आणि त्यात पात्रतेपेक्षा अपात्रतेची यादी जास्त वाचनीय निघाली. आयआयटी-आयआयएममधून शिकलेले नकोत. सी.ए. नकोत, एम.बी.ए. नकोत, एम.बी.बी.एस. नकोत, कुठलीही मास्टर्स डिग्री हातात असलेले नकोत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या वर नको. घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नको. वय २१ ते २४. वाचत गेले तसतशी एकेक अट अशी चपखल बसत गेली, की ही योजना कुणीतरी आमच्या परभणीच्या घरी बसून, माझ्याकडे बघत बघत लिहिली असावी. घरात सरकारी नोकर नाही ही आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची सल. आत्याचं एक चांगलं स्थळ त्यापायीच हातचं गेलं होतं. तीच सल इथे गुण म्हणून मोजली जात होती. पप्पांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे काहीच न झालेलं माणूस पाहिजे यांना? मग आपलं शंभर टक्के काम झालं समज."

कागदोपत्री मी विद्यार्थिनी होते. बी.कॉम. झालेलं आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. चालू. दूरस्थ शिक्षण योजनेला चालतं. म्हणजे डिग्री मिळाली की अपात्र, मिळेपर्यंत पात्र. विषय राहिल्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची वेळ आमच्या घरात तरी पहिलीच.

घोषणा त्या वर्षीच्या जुलैतल्या अर्थसंकल्पात झाली होती. पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्या, प्रत्येकाला बारा महिने. कंपन्यांसाठी पोर्टल उघडलं ३ ऑक्टोबरला, आणि नेमकं त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचं आणि माझं, दोघींचंही काम दिल्लीत एकाच दिवशी मार्गी लागलं. फरक एवढाच, की तिला कायमचं मिळालं आणि मला वर्षाच्या कराराने.

अर्जात पाच पसंती देता येत होत्या. चार मी पुणे आणि मुंबईच्या दिल्या. पाचवी रिकामी सोडायची नाही हे बोर्डाच्या परीक्षेतलं वळण, म्हणून दिल्ली टाकली. दिल्ली लागली. आजीनं हातावर आपट्याचं सोनं ठेवताना "सीमोल्लंघन करायचं तर लांबचं कर" असं म्हटलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? नंतर कळलं, की पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या वर जागा होत्या, ८२ हजारांच्या वर बोलावणी गेली आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते पावणेनऊ हजारांच्या आसपास. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना जागा घरापासून लांब वाटली, मुदत मोठी वाटली. थोडक्यात, सगळे शहाणे घरी राहिले.

आजीला फक्त विम्याचं कौतुक होतं. इंटर्नला जीवनज्योती आणि सुरक्षा, असे दोन विमे सरकार काढून देतं, प्रत्येकी २ लाखांचे. आजी हिशेबाला पक्की. म्हणाली, "जित्या माणसाला महिन्याला पाच हजार आणि मेल्यावर लाखानं? सांभाळून राहा गं बाई. हे लोक कशात नफा बघतील सांगता येत नाही."

तर ते पाच हजार. साडेचार हजार सरकार थेट आधारला जोडलेल्या खात्यात टाकायचं आणि पाचशे कंपनी द्यायची. रुजू होताना एकदाच सहा हजार मिळाले, ते वेगळे. लक्ष्मीनगरच्या पीजीत त्यातून खाट यायची. खाटेवरचा माणूस जगवायचा खर्च पप्पांचा. माझ्या खोलीतल्या बाकीच्या मुली सी.ए.च्या आर्टिकलशिपवाल्या. मध्यरात्री उठून जीएसटीच्या तारखा पुटपुटायच्या. त्या मला आदरानं वागवत, कारण ऑफिसातून उजेडी परत येणारी त्या मजल्यावर मी एकटीच.

पण मला गंमत वाटली ती कंपनीच्या पाचशे रुपयांची. ते यायचे सीएसआरच्या पैशांतून. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. बी.कॉम.ला हे कलम मी दहा मार्कांसाठी पाठ केलं होतं. ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. योजनेसाठी ५०० कंपन्या निवडल्या त्याही या खर्चाच्या सरासरीवरूनच. दहा मार्कांच्या उत्तरात जे लिहिलं होतं त्यात आपण स्वतः एक दिवस येऊ, असं कुठल्या विद्यार्थ्याला वाटतं? वृक्षारोपण, शाळेला पंखे, मोतीबिंदूची शिबिरं आणि मी, सगळे एकाच रकान्यात. रुजू झाल्यावर लगेच एचआर मॅडमनी कंपनीचा लोगो असलेल्या भिंतीपुढे उभं करून माझा फोटो काढला. हसायला सांगितलं. शेजारी त्याच अहवालासाठी काढलेला एका कडुनिंबाच्या रोपाचा फोटो होता. रोप लावल्या दिवशीच फोटो काढून ठेवतात. पुढचं कुणी सांगावं?

ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. कनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून हा रस्ता इंडिया गेटपाशी जाऊन पोचतो. पूर्वी याचं नाव कर्झन रोड. बंगाल तोडणाऱ्या व्हाइसरॉयचं नाव पुसून, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ला गेलेल्या बांचं नाव दिलं. हिशेब एवढा चोख केल्यावर दिल्लीनं तो दोन अक्षरांत गुंडाळला. सगळे 'के.जी. मार्ग'च म्हणतात. पप्पांनीही गल्लीत तेच सांगितलं. समोरच्या काकूंनी मम्मीला हळूच विचारलं, "पोरगी बी.कॉम. झाली ना? मग आता के.जी.त कशी?"

काकूंचा अंदाज फारसा चुकला नव्हता, पण ते पुढे येईलच. आधी रस्ता. आमच्याकडे म्हणतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. म्हणतात म्हणजे परभणीकर म्हणतात. जर्मनांचं मत अजून आलेलं नाही. के.जी. मार्गाच्या कनॉट प्लेसकडच्या तोंडाला जर्मनीचं मॅक्स म्युलर भवन आहे. त्याच्या फाटकासमोर उभं राहून मी पप्पांना फोटो पाठवला. तिथून पुढे निघालं की हा रस्ता पाहुण्यांचाच. ब्रिटिश कौन्सिलची चार्ल्स कोरियांनी बांधलेली इमारत; तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या चित्रकारानं काळ्या कडप्प्याचं आणि पांढऱ्या मकराण्याचं भलंमोठं झाड केलंय. जूनमध्ये तेवढीच काय ती सावली, तीही दगडी. मग अमेरिकन सेंटर. आणि इंडिया गेटकडच्या बाजूला आपलं नवं महाराष्ट्र सदन. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आणि महाराष्ट्र एका रांगेत. चौघांचेही पहारेकरी तुम्हाला एकाच शंकेनं बघतात.

आता काकूंचा अंदाज. ऑफिसात मी नक्की कोण, हे ठरायला फार वेळ गेला. गळ्यातल्या फितीवर तिथली सगळी समाजव्यवस्था. कायमच्यांची फीत निळी, कंत्राटी लोकांची करडी, पाहुण्यांची लाल. इंटर्नची कुठली, यावर तीन खात्यांत मेल फिरले. ठरेपर्यंत मी रोज पाहुणी. खाली रजिस्टर भरायचं: नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं आहे, काम सरकारी की खासगी. 'कुणाला भेटायचं'मध्ये मी आमच्या सरांचं नाव लिहायचे. सर दौऱ्यावर. म्हणजे रजिस्टरप्रमाणे आमची रोज भेट व्हायची आणि प्रत्यक्षात एकदाही नाही. हे रजिस्टर पुढे कधी कुणी संशोधनाला घेतलं, तर त्या हिवाळ्यात सरांना सर्वांत जास्त छळणारी बाई म्हणून माझी नोंद होईल.

एचआर मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "वी आर अ फॅमिली." हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या वाट्याला एसीचा झोत येतो, मोठ्या सुनेला केबिन आणि धाकटीला खांबाआडची जागा, सगळं घरच्यासारखं. मला खुर्ची होती, पण जो रजेवर असेल त्याची. सकाळी आल्यावर एक फेरी मारून कोण नाही ते बघायचं. त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी मी जितक्या मनापासून करायचे तितकी दुसरं कुणी करत नव्हतं.

'परभणी कुठे आहे?' हा प्रश्न आला तेव्हा नांदेड, मराठवाडा, निजाम असं सगळं सांगून झालं. शेवटी मी म्हटलं, "वो कहते ना, बनी तो बनी, नहीं तो परभनी." झालं. त्या दिवसापासून माझं नावच 'परभनी' पडलं. दिल्लीत तसं सगळे सगळ्यांना 'बेटा' म्हणतात, अगदी माझ्याहून वर्षाने मोठा असलेला मॅनेजमेंट ट्रेनीसुद्धा. त्यापेक्षा परभनी बरं. माझी हिंदीही तिकडचीच. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. आमची हिंदी हैदराबादेहून आलेली, 'हौ' आणि 'नक्को' घेऊन. मीटिंगमध्ये मी एकदा "हौ सर" म्हटलं तर सर थांबले. त्यांना वाटलं मी 'हाऊ' विचारतेय. त्यांनी तो मुद्दा पुन्हा पहिल्यापासून समजावला, आणि नंतर मॅडमना म्हणाले, "मुलगी प्रश्न चांगले विचारते."

योजनेचा नियम आहे, की बारा महिन्यांपैकी निदान अर्धा काळ वर्गात नव्हे तर प्रत्यक्ष कामात जायला हवा. उरलेल्या अर्ध्यात काय करायचं ते मोकळं ठेवलंय. आमच्याकडे ती जागा 'शॅडोइंग'नं भरली. शॅडोइंग म्हणजे साहेबांच्या मागे वही घेऊन फिरायचं. ते बसले की मागे बसायचं, उठले की उठायचं. मीटिंगमध्ये जे चालायचं त्यातलं 'गुड मॉर्निंग' मला कळायचं. पुढे 'अलाइन', 'बँडविड्थ', 'लूपमध्ये ठेवा', 'ऑफलाइन घेऊ'. 'ऑफलाइन घेऊ' म्हणजे हा विषय आता पुन्हा निघणार नाही, हे समजायला मला पावसाळा उजाडला. आमच्याकडच्या ग्रामसभांत यालाच 'बघू' म्हणतात आणि ते लगेच कळतं.

मेलचं शास्त्र वेगळं. आधी साधा मेल. मग 'जेंटल रिमाइंडर'. मग नुसताच 'रिमाइंडर', म्हणजे जेंटलपणा संपला. मग 'ॲज डिस्कस्ड', म्हणजे जे कधी बोलणंच झालं नव्हतं ते. आणि सगळ्यात शेवटी तोच मेल, शब्दही न बदलता, पण सीसीत मोठ्या साहेबांचं नाव. या शेवटच्या मेलचं उत्तर दोन मिनिटांत येतं. एवढं माहीत असून लोक पहिल्या चार पायऱ्या का चढतात, असं मी एकदा शेजारच्या टेबलावरच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फिर पूरे हफ़्ते करेंगे क्या?"

आणि मग आलं झेरॉक्स मशीन.

इथे पप्पांच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२चं. तिथल्या पोरांचे प्रबंध, कास्तकारांचे सातबारे, पीक विम्याचे फॉर्म, जात पडताळणीचे गठ्ठे, या सगळ्यांवर आमचं घर चालतं. मी चौथीत होते तेव्हापासून पाठपोट काढते. बी.कॉम. झाल्यावर पप्पांनी ठरवलं, की पोरीनं आयुष्यभर मशीनपुढे उभं राहायचं नाही. म्हणून दिल्ली. सचखंड एक्स्प्रेसनं दीड दिवस. मम्मीनं धपाट्यांचा डबा दिलेला आणि वाटेत स्टेशनांवर गुरुद्वाऱ्याचा लंगर, त्यामुळे भुकेचा प्रश्न नव्हता. असा प्रवास करून, देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांपैकी एकीत मी पाऊल टाकल्यावर मॅडमनी माझ्या हातात पहिलं खरंखुरं काम दिलं ते म्हणजे तीनशे पानांच्या एका करारनाम्याच्या चार प्रती. पाठपोट.

मशीन मात्र पाहण्यासारखं होतं. आमच्या दुकानाएवढंच. आपला आकडा टाकल्याशिवाय बोलायचं नाही, मेल पाठवायचं, स्टेपल मारायचं आणि दर तासाला अडकायचं. ते अडकलं की त्याच्याभोवती चांगले चांगले पदवीधर गोळा होत. एक जण पडद्यावरची सूचना मोठ्यानं वाचायचा, दुसरा झाकण उघडायचा, तिसरा कागद आपल्या बाजूनं ओढायचा आणि अर्धा फाडून हातात घेऊन उभा राहायचा. मग मशीनवाल्या कंपनीच्या माणसाला फोन. तो गुरुग्रामहून निघायचा म्हणजे तो दिवस गेलाच.

मी पहिल्यांदा बाजूला व्हा म्हटलं तेव्हा कुणी झालं नाही. "परभनी, ये महँगी मशीन है." पण मशीन महाग असो की स्वस्त, तिचं पोट सारखंच. अडकलेला कागद तो ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, सावकाश काढायचा. उलटा ओढला की तुकडा आत राहतो आणि पुढचे सगळे कागद त्याला जाऊन धडकतात. कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची भुकटी बसते, तो ओलसर फडक्यानं पुसायचा. आणि रिम फोडली की कागद तसाच ट्रेमध्ये कोंबायचा नाही. आधी पत्ते पिसल्यासारखा फडफडवायचा, दोन्ही टोकं धरून, म्हणजे चिकटलेली पानं सुटतात. पावसाळ्यात उघडी रिम बाहेर ठेवायची नाही, कागद दमट होऊन वाकतो. यातलं काही कलम १३५मध्ये नव्हतं. पण त्या दिवशी मशीन चाललं ते संध्याकाळपर्यंत चाललं आणि माझं ऑफिसातलं स्थान एकदाचं ठरलं. मला निळी फीत मिळाली.

त्यानंतर मला कळलं, की ऑफिसात सत्ता कुठे असते. ज्याचं काम अडलंय तो मशीनपाशी येतो, कागद निघेपर्यंत उभा राहतो आणि उभ्या माणसाला गप्प बसवत नाही. कुणाची बदली चेन्नईला होतेय, कुणाचं अप्रेझल घसरलंय, कोणत्या दोन साहेबांची एकमेकांना सीसी करण्याइतपत भांडणं झालीयत, सगळं मला आधी. गुप्त कागदपत्रं लोक स्वतः काढायचे, पण मूळ प्रत काचेवर विसरून जायचे. मी ती पालथी घालून, न वाचता (म्हणजे वरचा मथळा सोडून) त्यांच्या टेबलावर नेऊन द्यायचे. या प्रामाणिकपणाची इतकी कीर्ती झाली की दिवाळीत ड्रायफ्रूटचे डबे आले.

पप्पांना मात्र हे सांगता येईना. रोज रात्री फोन. "काय काम देऊ लागले?" मी म्हणायचे, "डॉक्युमेंटेशन." पप्पा खूश. "मशीनपाशी तर उभं करीत नाहीत ना?" मी म्हणायचे, "पप्पा, इथे सगळं डिजिटल आहे." पडदा होता, आकडा टाकावा लागायचा. खोटं काहीच नव्हतं.

दुपारी जेवायला बाहेर. छोले-कुलचेवाल्याची सायकल, राजमा-चावल, एखाद्या शनिवारी बंगाली मार्केटपर्यंत पायपीट. दिल्लीच्या हिवाळ्यातली लंचची सुट्टी मुळात जेवणाची नसतेच, ती उन्हाची असते. डिसेंबर-जानेवारीत ऑफिसच्या ऑफिस शेंगा आणि गजक घेऊन गवतावर बसतं. ऊन सरकलं की सगळे उठून सरकतात, उपाध्यक्षापासून शिपायापर्यंत एकाच दिशेनं. एरवी ज्यांना वर्षभर 'अलाइन' करता येत नाही, ते इथे न सांगता होतात. हवेबद्दल मी बोलणार नाही. मी यायच्या थोडं आधी, १८ नोव्हेंबरला, शहराचा हवा निर्देशांक ४९४ होता आणि त्याची पट्टी ५००पर्यंतच आहे. पप्पांनी बातमी वाचून फोन केला, "पाचशेपैकी चारशे चौऱ्याण्णव? लातूर पॅटर्न गेला की तिकडं."

महाराष्ट्र सदनाची गोष्ट वेगळी. ४ जून २०१३ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालेली ही इमारत आहे रुबाबदार, पण मी जायचे मिसळीसाठी. जुनं सदन कोपर्निकस मार्गावर, फार लांब नाही. त्यामुळे गावाकडून कामं घेऊन आलेल्यांपैकी कुणी ना कुणी दुसऱ्याच सदनात उभं राहून फोनवर "अहो मी सदनातच आहे" असं ओरडत असतं. नव्या सदनात बसलं, की सगळा महाराष्ट्र फायलींसकट डोळ्यांखालून जातो. पांढरे कपडे, बगलेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आमदारांचं पत्र. त्यांना मी मराठी बोलणारी, गळ्यात निळी फीत असलेली दिसायचे. "ताई, तुम्ही कोणत्या मंत्रालयात?" इंटर्न म्हटलं की लोक काय समजायचे कोण जाणे, पण चहा मागवायचे. एका काकांनी माझा नंबर 'दिल्ली मॅडम' म्हणून सेव्ह केला. त्यांच्या गावच्या पुलाचं काय झालं हे मला पुढे वर्षभर विचारत होते. मी त्यांना 'जेंटल रिमाइंडर' पाठवायला शिकवलं.

या काकांशी बोलतानाच माझ्या लक्षात आलं, की या शहरात मुदतीवर आलेली मी एकटी नाही. काकांचं आरक्षण परवाचं. ज्यांना भेटायचं त्या खासदारांची मुदत पाच वर्षांची, राज्यसभेचे असले तर सहा. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइल तो राज्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला, परत जायची तारीख ठरलेली. आमच्या ऑफिसातले सल्लागार सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर, सर चेन्नईच्या वाटेवर, कॉफीचं यंत्र भाड्याचं. अमेरिकन सेंटरमधल्या साहेबांचीही बदली होतच असणार. आणि प्रत्येक जण बोलताना असं बोलतो, जणू लाल किल्ला त्याच्या पणजोबांनी बांधला. मीही बोलायला लागले. फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोरा स्टेडियमवर तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली ९८वं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा गावाकडून आलेल्या मंडळींना मी मेट्रोच्या दारात हुकमी आवाजात सांगत होते, "राजीव चौकाला उतरायचं नसतं, उतरवलं जातं. बाराखंबाला उतरा." एका बाईंनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं दिल्लीत?" मी विषय ऑफलाइन घेतला.

उन्हाळा आला आणि गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. परभणीच्या माणसाला ऊन सांगू नये.

निघताना 'नो ड्यूज'चा फॉर्म. लॅपटॉप परत केला का? मिळाला नव्हता. ड्रॉवरची किल्ली? ड्रॉवर नव्हता. पार्किंगचं स्टिकर? या प्रत्येकापुढे संबंधित खात्याची सही मात्र हवी होती, की न दिलेली वस्तू परत मिळाली. आयटीचा मुलगा फार काटेकोर. न दिलेल्या लॅपटॉपचा सीरियल नंबर टाकल्याशिवाय सही करेना. शेवटी ताईंनी मार्ग सुचवला आणि मी सरांना सीसीत घातलं.

सर्टिफिकेट मिळालं. त्यात लिहिलंय, की मी 'ऑपरेशन्समध्ये मोलाचा अनुभव' घेतला. वार्षिक अहवालही आला. माझा फोटो होता, कडुनिंबाच्या रोपाशेजारीच. जाण्याआधी मला 'हँडओव्हर नोट' लिहायला सांगितली. मी मशीनबद्दल दोन पानं लिहिली आणि वर्षभरात मी लिहिलेला हा एकच मजकूर, ज्याला कुणी 'ऑफलाइन घेऊ' म्हटलं नाही. लॅमिनेट करून भिंतीवर लावली.

पण लॅमिनेटवरचं सरांना चष्म्याविना वाचता येत नसावं. मी परभणीला परतल्यावर थोड्याच दिवसांत, भर गर्दीच्या वेळी सरांचा फोन आला. माझे हात टोनरनं काळे, म्हणून पप्पांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"परभनी, वो ट्रे टू में फिर से..."

"नमस्ते साब, मैं उसका पप्पा बोलरा. कौनसा मॉडेल है?"

पलीकडे शांतता. मग सरांनी मॉडेल सांगितलं.

"हौ. खींचे क्या तुम?"

"थोड़ा सा."

"नक्को खींचो ना साब! पीछे का ढक्कन खोलो. हरा कांडा दिखा? नीचे करो. अब दोनों हाथ से, आराम से. जाने की तरफ, आने की तरफ नहीं."

दुकानात पीक विम्याच्या रांगेतली पाच-सहा माणसं श्वास धरून ऐकत होती. तिकडे खट् आवाज झाला, मग मशीन घरघरलं, आणि सर इतक्या मोठ्यानं "ओके, ओके, चल गया!" म्हणाले की रांगेतल्या एका आजोबांनी टाळी वाजवली.

मी मान खाली घालून सातबारे लावत राहिले. डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते आता पप्पांना कळलं होतं. ते काही बोलले नाहीत. पुढचा फॉर्म काचेवर ठेवला, बटण दाबलं, प्रत निघेपर्यंत थांबले.

"माणूस चांगला आहे तुझा साहेब," ते म्हणाले. "सांगितलं तसं करतो. सहा महिने दुकानावर बसला तर तयार होईल."